कळ, काडी आणि ‘ध’चा ‘मा’

टाळी एका हाताने वाजत नाही, ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. दोन भावंडे भांडत भांडत आईपुढे आली, की निवाडा करण्याचे तिच्या जिवावर येते आणि ती हीच म्हण ऐकवून दोघांनाही गप्प बसविते. म्हण खोटी नाही. परंतु मराठीचा शब्दसंग्रह थोडा चाळून पाहिला, तर ह्या भाषेला त्या दोन हातांपेक्षा तिसऱ्याच एका माणसाची अधिक काळजी वाटत असावी, असे दिसते. स्वतः भांडणाऱ्यांसाठी तिच्याजवळ मोजके शब्द आहेत. दुसऱ्यांचे भांडण लावून देणाऱ्यासाठी मात्र इतके आहेत, की ते मोजावयास बसले तर हाताची बोटे पुरत नाहीत.

‘भांडखोर’ हा त्यांतला सर्वांत सरळ शब्द. ह्यातील ‘खोर’ हा फारसी प्रत्यय असून त्याचा मूळ अर्थ ‘खाणारा’ असा आहे. लाच खाणारा तो लाचखोर, नफा खाणारा तो नफेखोर. त्याच न्यायाने भांडखोर म्हणजे ज्याला भांडणावाचून अन्न गोड लागत नाही असा मनुष्य. ‘तंटेखोर’ हा त्याचा सख्खा भाऊ. तो बहुधा शेताच्या बांधावर किंवा कचेरीच्या दारात भेटतो, कारण तंटा म्हटला की जमीन, वाट, पाणी, हक्क असे काहीतरी मध्ये येतेच. ‘भांडकुदळ’ ह्या शब्दात तर प्रत्यक्ष कुदळच आहे. मिटलेले, मातीखाली गेलेले जुने भांडण जो पुन्हा उकरून काढतो, त्याला हा शब्द किती शोभून दिसतो! ‘कजाग’ हा आणखी एक शब्द; तो बहुधा स्त्रियांनाच लावला जातो. भांडण्यात पुरुष काही मागे नाहीत, पण त्यांच्यासाठी हा शब्द क्वचितच उच्चारला जातो. शब्दांची वाटणीही नेहमी न्यायाने होते असे नाही.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ही माणसे समोर येऊन भांडतात. त्यांचा आवाज ऐकू येतो, त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि त्यांच्यापासून चार पावले दूर राहणे सोपे असते.

‘कळलाव्या’ मात्र तसा नाही. गणूने बंडूला चापट मारली, तर गणूला भांडखोर म्हणता येईल. परंतु त्याआधी गणूजवळ जाऊन, “बंडू तुझ्याविषयी काय म्हणत होता, ठाऊक आहे का?” असे ज्याने हळूच विचारले आणि मग खिडकीशी उभे राहून जो पुढची मौज पाहत राहिला, तो कळलाव्या. त्याने कोणाला बोटही लावलेले नसते. ‘चहाडखोर’ किंवा ‘चुगलखोर’ ह्यांच्याहूनही तो निराळा आहे. चहाडी ही नेहमी खालून वर जाते. विद्यार्थ्याकडून शिक्षकाकडे, कारकुनाकडून साहेबाकडे, जावेकडून सासूकडे. चहाडखोराला वरिष्ठांची मर्जी हवी असते. कळलाव्याला मर्जीचे काही नसते. तो ह्याचे त्याला आणि त्याचे ह्याला सांगतो. ‘लावालावी’ ह्या जोडशब्दातच ही दोन्हीकडची येरझार ऐकू येते. ‘आगलाव्या’ त्याच्यापुढचा. त्याने लावलेले भांडण दोघांपुरते राहत नाही. ते घराघरांत, आळीआळीत पसरते. वर्तमानपत्रांत आणि पोलिसांच्या कागदांत ‘चिथावणीखोर’ हा शब्द येतो, तो जमावाला बोलण्याने भडकविणाऱ्यासाठी. ‘कुरापत काढणे’ म्हणजे मनात भांडावयाचे ठरवून मग त्यासाठी क्षुल्लक निमित्त शोधणे. हा शब्द माणसांप्रमाणे राष्ट्रांनाही लावतात. सीमेवर एखाद्या देशाने कुरापत काढली, अशा बातम्या आपण वाचतो. आणि ‘विघ्नसंतोषी’? तो बिचारा काहीच करीत नाही. दुसऱ्याच्या कार्यात विघ्न आले की त्याला आपोआप संतोष होतो, एवढेच.

‘कळलाव्या’ ह्या शब्दातील ‘कळ’ म्हणजे काय, हे मात्र नीट पाहिले पाहिजे, कारण मराठीत ‘कळ’ एक नाही. पोटात कळ येते, ती वेदना. यंत्राची कळ दाबतात, ती खुंटी किंवा किल्ली. ‘कळीचा मुद्दा’ असे आपण म्हणतो, तेव्हा ही यंत्राची कळ मनात असते. तो मुद्दा हलला की सगळा वाद हलतो, असा त्याचा भाव. तिसरी कळ भांडणाची. संस्कृतात ‘कलि’ म्हणजे कलह. ‘कलियुग’ ह्या शब्दातला कलि तोच. ‘कळ लावणे’ आणि ‘कळीचा नारद’ ह्यांत ही तिसरी कळ आहे. फुलाच्या कळीशी ह्यांपैकी एकीचेही नाते नाही. एखाद्या मुलाने ‘कळीचा नारद’ म्हणजे हातात फुलाची कळी घेतलेला नारद असा अर्थ लिहिला, तर तो चुकीचा खरा, पण त्याची चूक समजण्यासारखी आहे.

ह्या कळींचा घोटाळा शहाण्या माणसांनीही केलेला आहे. सह्याद्रीच्या रानांत पावसाळ्यात एक वेल फुलते. तिच्या पानांची टोके तंतूसारखी वळलेली असतात आणि त्यांच्या आधाराने ती झुडपांवर चढते. फुले पिवळी आणि तांबडी, वर वळलेल्या पाकळ्यांची; जणू लहानशी ज्योत पेटली आहे. म्हणून संस्कृतात तिला ‘अग्निशिखा’ म्हणतात. मराठीत तिचे नाव ‘कळलावी’. पूर्वी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा उपयोग करीत, त्यावरून हे नाव पडले. म्हणजे ही कळ वेदनेची. परंतु नाव ऐकून लोकांना भांडणाची कळ आठवली आणि ही वेल दारात लावली तर घरात भांडणे होतात, असा समज पसरला. वेल विषारी आहे, कंद तर फारच विषारी. तेव्हा तिच्यापासून दूर राहावे हे योग्यच. पण तिच्यावर भांडणाचा जो आळ आला, तो केवळ नावामुळे. तीच वेल तामिळनाडूचे राज्यपुष्प आहे आणि तेथे तिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

भांडण लावण्याची क्रिया सांगताना मराठी माणूस फार दूर जात नाही. तो स्वयंपाकघर आणि अंगण एवढ्यातच आपल्या उपमा शोधतो. वाळलेल्या गवताच्या गंजीला एक काडी पुरते, म्हणून ‘काडी लावणे’, ‘काड्या घालणे’. आधीच पेटलेल्या भांडणात भर घालणे म्हणजे ‘आगीत तेल ओतणे’. चांगले चाललेले काम किंवा जुळत आलेले मनोमीलन एका शब्दाने नासविणे म्हणजे ‘दुधात मिठाचा खडा टाकणे’. सुताराकडून ‘पाचर मारणे’ हा प्रयोग आला. लाकडात पाचर ठोकली की ते दुभंगते. ह्या सर्वांत ‘बिब्बा घालणे’ हा प्रयोग विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बिब्बा हे एका रानझाडाचे काळे फळ. त्याचा रस अंगाला लागला तर कातडीवर फोड येतात, आणि कापडाला लागला तर त्याचा काळा डाग कितीही धुतला तरी जात नाही. म्हणूनच परीट लोक कपड्यांवर खूण करण्यासाठी बिब्बा वापरीत. दोन मित्रांच्या स्नेहात कोणी बिब्बा घातला, असे म्हणताना ते न जाणारे काळे आणि ती आग, दोन्ही बोलणाऱ्याच्या मनात असतात.

भाषेने ह्या कामासाठी काही प्रसिद्ध व्यक्तींची नावेही उसनी घेतली आहेत. शकुनी, मंथरा आणि सर्वांत अधिक वेळा नारद. नारदाच्या बाबतीत मराठी माणसाचे वागणे मोठे चमत्कारिक आहे. पुण्यात सदाशिव पेठेत नारद मंदिर आहे आणि तेथे हरिकीर्तनोत्तेजक सभेची कीर्तने होतात. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो, तिला ‘नारदाची गादी’ म्हणतात. त्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला, तो वयाने लहान असला तरी, वडीलधारे लोक वाकून नमस्कार करतात. आणि त्याच पेठेतील एखाद्या वाड्याच्या ओसरीवर, दोन शेजाऱ्यांत बिनसले, की मध्यस्थाला ‘कळीचा नारद’ म्हणून नावे ठेवली जातात!

पुराणांतील नारद तिन्ही लोकांत फिरतो आणि एकीकडची वार्ता दुसरीकडे पोचवितो, हे खरे आहे. कृष्ण हा देवकीचाच पुत्र आहे, हे कंसाला त्यानेच सांगितले, अशी भागवतात कथा आहे. त्यामुळे कंस खवळला, त्याने कृष्णाला मथुरेस आणविले आणि तेथे कंसाचाच अंत झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ हे नाटक १८८२ साली पुण्यात रंगभूमीवर आले. त्यातही सुभद्रेच्या लग्नाची बातमी अर्जुनाला देतो तो नारदच. परंतु वाल्मीकीला रामाची कथा सांगणारा, लहानग्या ध्रुवाला वनात उपदेश करणारा नारद तोच होता. वाक्प्रचाराने त्याच्या चरित्रातले एकच पान फाडून घेतले आणि उरलेला ग्रंथ ठेवून दिला. वाक्प्रचार असेच करतात. त्यांना सबंध माणूस पेलत नाही.

मंथरेची गोष्ट आणखी एका कारणासाठी पाहण्याजोगी आहे. रामाला यौवराज्याभिषेक होणार ही वार्ता मंथरेने सांगितली, तेव्हा कैकेयीला आनंद झाला आणि तिने मंथरेला एक अलंकार बक्षीस दिला, असे वाल्मीकींनी लिहिले आहे. म्हणजे कैकेयीच्या मनात आधी वैर नव्हते; ते बोलून बोलून घातले गेले. ह्यालाच मराठीत ‘कान भरणे’ किंवा ‘कान फुंकणे’ म्हणतात. परंतु कान भरण्यासाठी ते रिकामे असावे लागतात. म्हणून भाषेने ऐकणाऱ्यासाठीही एक शब्द करून ठेवला आहे : ‘हलक्या कानाचा’. जो जे ऐकेल ते खरे मानतो, तो हलक्या कानाचा. कळलाव्याचा धंदा ह्याच्या जिवावर चालतो. गावात हलक्या कानाचा एकही मनुष्य नसेल, तर कळलाव्याला गाव सोडून जावे लागेल.

आतापर्यंत आलेले शब्द घराघरांतले झाले. ह्यांच्या पंक्तीत बसणारा एक वाक्प्रचार मात्र पुण्यातील राजवाड्यात जन्मला आणि तो आजही रोजच्या बोलण्यात आहे. तो म्हणजे ‘ध’चा ‘मा’ करणे.

त्यामागची हकीकत अशी. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे मृत्यू पावले आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव ह्यांस पेशवेपद मिळाले. त्यांचे काका रघुनाथराव ह्यांची त्या पदावर फार दिवसांपासून दृष्टी होती. नारायणरावांच्या कारकिर्दीत तर ते शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. वाड्याच्या पहाऱ्यावर गारदी, म्हणजे कवायती पायदळाचे शिपाई होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भाद्रपदातील गणेशोत्सवाच्या दिवसांत, हे गारदी तुंबलेल्या पगाराचे निमित्त करून आत घुसले. सुमेरसिंग हा त्यांच्या म्होरक्यांपैकी एक. अठरा वर्षांचे नारायणराव जीव घेऊन काकांच्या दालनाकडे धावले आणि त्यांनी काकांना मिठी मारली, असे सांगतात. ‘काका, मला वाचवा!’ हे त्यांच्या तोंडचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे शब्द पुण्यातील लहान मुलासही माहीत असतात. काकांच्या समोर पुतण्याचा वध झाला. त्याला पाठीशी घालू पाहणारे इतरही काहीजण मारले गेले. पेशव्यांचे प्रेत ज्या दरवाजातून बाहेर नेले, त्यास नारायण दरवाजा हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. वाडा १८२८ साली आगीत जळाला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली. नारायण दरवाजा त्यांतच आहे.

आता तो कागद. रघुनाथरावांनी गारद्यांना जी लेखी आज्ञा दिली, तीत नारायणरावांस ‘धरावे’ असे होते; रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी ‘ध’च्या जागी ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, अशी कथा लोकांनी सांगितली. एका अक्षराने एक जीव गेला, राज्याची दशा फिरली! कथा इतकी आटोपशीर आहे, की एकदा ऐकली म्हणजे विसरत नाही.

पण ती खरी आहे काय? अक्षर बदललेला तो कागद आजवर इतिहासकारांपुढे आलेला नाही. पेशव्यांच्या दफ्तरातील लक्षावधी कागद पुण्यात जपून ठेवलेले आहेत. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई ह्यांनी त्यांतून निवडून कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले. राजवाडे आदी विद्वानांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, आणि तेथेही जुन्या कागदांचा मोठा संग्रह झाला. एवढ्या ढिगाऱ्यातून ते एक अक्षर निघालेले नाही. शिवाय वहीवर ‘धरावे’ असे शाईने लिहून त्याचे ‘मारावे’ करून पाहावे. एका अक्षराचे दुसरे करावे लागते आणि वर एक कानाही वाढवावा लागतो. खाडाखोड लपविणे सोपे नाही. त्या काळचा व्यवहार मोडी लिपीत चाले, आणि मोडीतली वळणे बाळबोधीहून निराळी, ही गोष्ट खरी. तरी पुरावा नाही तो नाहीच.

पुरावा नसताना ही कथा इतकी का पसरली, ह्याचे कारण कथेतच शोधले पाहिजे. ती खरी मानली, तर रघुनाथरावांचा अपराध निम्मा होतो. त्यांना पुतण्यास केवळ पकडावयाचे होते, मारावयाचे नव्हते, असे म्हणता येते. आणि खुनाचा सगळा भार पडद्याआड बसलेल्या एका स्त्रीवर जातो. वाड्यात तलवारी चालविल्या त्या गारद्यांनी. कटात रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार होता. परंतु ‘सुमेरसिंग’ किंवा ‘तुळाजी’ हे शब्द मराठीत कोणाला लावले जात नाहीत. ‘आनंदीबाई’ हे नाव मात्र कारस्थानी स्त्रीला चिकटविले जाते. आनंदीबाई ह्या घटनेनंतर वीस वर्षे जगल्या. १७९४ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा पुत्र दुसरा बाजीराव पुढे पेशवा झाला, आणि पेशवाईतला तो शेवटचा. त्या स्वतः निर्दोष होत्या असे म्हणण्यासही पुरावा लागेल, आणि त्या दोषी होत्या असे म्हणण्यासही. वाक्प्रचाराने तेवढे थांबण्याचे कष्ट घेतले नाहीत.

त्याच पुण्यात त्याच वर्षी एक मनुष्य मात्र थांबला होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. खुनानंतर रघुनाथराव पेशवे झाले होते, म्हणजे ज्यांच्याविषयी संशय तेच धनी. रामशास्त्र्यांनी घाई केली नाही. कट कोणी केला, कोण कोणास भेटले, आज्ञा कोणाची, ह्याची त्यांनी चौकशी केली आणि रघुनाथराव दोषी आहेत असा निर्णय दिला. ह्या पापास देहान्त प्रायश्चित्त, असे त्यांनी रघुनाथरावांस तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले, अशी त्यांची कीर्ती आहे. त्यांनी वाड्यातील कुजबुज ऐकली नसेल काय? पुष्कळ ऐकली असेल. पण ती त्यांनी निकालात घातली नाही.

पुढची कथा लांबलचक आहे. नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी रघुनाथरावांविरुद्ध जे कारस्थान उभारले, ते ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणून प्रसिद्ध आहे. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई ह्यांना पुत्र झाला. तो सवाई माधवराव. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला आणि मराठे व इंग्रज ह्यांचे जे पहिले युद्ध पेटले, ते १७८२ च्या सालबाईच्या तहाने संपले. येथे शब्दांच्या दृष्टीने पाहण्याजोगी गोष्ट एवढीच, की ‘कारस्थान’ हा शब्द आज वाईट अर्थाने वापरतात, पण बारभाईंच्या कारस्थानाविषयी बोलताना बहुतेक लेखकांच्या मनात आदरच असतो. आपल्या बाजूचे ते धोरण आणि दुसऱ्या बाजूचे ते कारस्थान, असा भेद येथे केला गेला नाही, हे नवल.

‘ध’चा ‘मा’ हा वाक्प्रचार आज कसा वापरतात? मूळ मजकुरात मुद्दाम फेरफार करून अर्थाचा अनर्थ करणे, हा त्याचा नेमका अर्थ. सभेत एक वक्ता म्हणाला, “ह्या योजनेत काही दोष आहेत, ते दूर करून ती राबवावी.” दुसऱ्या दिवशी कोणी सांगितले, “वक्त्याने योजनेला विरोध केला.” येथे ‘ध’चा ‘मा’ झाला. परंतु निरोप्या विसरला, किंवा छापताना अक्षर चुकले, तरी हल्ली लोक सहज तेच म्हणतात. हा प्रयोग सैल आहे. नजरचुकीला नजरचूक म्हणावे. ‘ध’चा ‘मा’ केला असे म्हणताच त्या माणसावर हेतूचा आरोप होतो, आणि हेतू सिद्ध करणे अक्षर दाखविण्याहून फार कठीण असते. कळलाव्या, आगलाव्या, कळीचा नारद ह्या सर्व शब्दांचे असेच आहे. ‘त्याने त्याला असे सांगितले’ हे वाक्य घडलेली गोष्ट सांगते; ‘तो कळलाव्या आहे’ हे वाक्य निकाल देते. आणि पुष्कळदा असे होते, की वर्गात हा शब्द कोणी कोणाला उच्चारला, की पहिले भांडण राहते बाजूला आणि त्या शब्दावरूनच दुसरे सुरू होते.

पेशवाईतील न्यायाच्या कागदांत ह्या अडचणीवर एक सुरेख उपाय सापडतो. वतनाचा, शेताचा किंवा मानपानाचा तंटा पंचांपुढे अथवा सरकारात आला, म्हणजे आधी तक्रार घेऊन येणाऱ्यास ‘अग्रवादी’ म्हणत आणि त्याला उत्तर देणाऱ्यास ‘पश्चिमवादी’. अग्र म्हणजे पुढचा, पश्चिम म्हणजे मागचा. कोण आधी बोलला आणि कोण नंतर, एवढेच ह्या शब्दांत आहे. भांडण कोणी लावले, खरा कोण, खोटा कोण, ह्याचा वासही त्यांना नाही. आज त्यांच्या जागी वादी आणि प्रतिवादी हे शब्द आहेत. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून गावांतील भांडणे गावातच मिटावीत म्हणून मोहीम सुरू केली, तिलाही ‘तंटामुक्त गाव’ असे नाव दिले. त्यात तंटा आहे, तंटेखोर नाही.

त्या जुन्या पद्धतीत दोन्ही पक्षांकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचा कागद. तेव्हा तो ‘जो निवाडा होईल तो मानण्यास मी राजी आहे’ असा कागद असे. मग दोघांची म्हणणी लिहून घेत, साक्षी पाहत, जुनी पत्रे तपासत. निवाडा झाला, की जिंकणाऱ्याला निवाडपत्र मिळे. आणि हरणाऱ्याकडून एक निराळा कागद घेत, त्याला ‘यजितखत’ म्हणत. आपली बाजू खोटी ठरली, हे तो त्यात स्वतःच्या नावाने लिहून देई.